मांजराच्या पोटांतील केसांचा गोळा

मांजर मान लांब करून व पोट आंत ओढून घोगरा आवाज काढूं लागतें आणि थोड्याच वेळांत जमिनीवर ओल्या केसांची एक गुंडाळी पडते, हा देखावा मांजर पाळणाऱ्या घरांस नवा नाहीं. घरची मंडळी फडक्यानें जागा पुसतात व ती गोष्ट विसरतात. वर्षांतून दोनचार वेळां असें घडलें तर विसरण्यास हरकतहि नाहीं. परंतु तेंच दर आठवड्यास घडूं लागलें, तर गोळा हा मूळ रोग नसून दुसऱ्या कशाची तरी खूण आहे असें समजून कारण शोधलें पाहिजे. सावंगी (मेघे) येथील आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल म्हणून ही माहिती येथें देत आहोंत.

प्रथम हे केस पोटांत जातात कसे तें पाहूं. मांजराची जीभ हातास खरखरीत लागते. तिच्यावर बारीक कांटे असून ते घशाकडे वळलेले असतात. आपलीं नखें ज्या केराटिन नामक द्रव्याचीं बनलेलीं असतात, त्याचेच हे कांटे होत. इ. स. २०१८ मध्यें अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या अॅलेक्सिस नोएल व डेव्हिड हू या संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, या कांट्यांचीं टोकें पन्हळासारखीं पोकळ असतात व त्यांतून लाळ केसांच्या मुळांपर्यंत पोंचते. ही लाळ वाळतांना अंग गार होतें. वर्ध्याकडील उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां मांजर सारखें अंग चाटीत कां बसतें, हें यावरून ध्यानांत येईल. पण कांटे आंत वळलेले असल्यामुळें जिभेस लागलेला केस थुंकून टाकतां येत नाहीं. तो गिळावाच लागतो.

गिळलेला केसहि केराटिनचाच. तो पचत नाहीं. बहुतेक केस विष्ठेबरोबर निघून जातात. माणसाच्या व कुत्र्याच्या रिकाम्या जठरांत ठराविक वेळानें एक जोरकस लाट उठून उरलेंसुरलें सर्व आंतड्यांत लोटून देते. मांजराच्या ठिकाणीं ही लाट निराळ्या जातीची व दुबळी असते. म्हणून कांहीं केस जठरांतच राहतात, घुसळले जाऊन लोकरीच्या नमद्याप्रमाणें एकजीव होतात व शेवटीं उलटीवाटे पडतात. अन्ननलिकेंतून येतांना दाबला गेल्यानें हा 'गोळा' लांबट असतो. खरा वाटोळा गोळा गुरांच्या पोटांत सांपडतो. आमच्या जिल्ह्याची प्रसिद्ध गवळाऊ गाय घ्या कीं दुसरी कोणती घ्या, गुरें एकमेकांस चाटतात. आणि त्यांस मांजरासारखें ओकतां येत नसल्यानें पोटांतला केस फिरून फिरून चेंडूसारखा होतो.

जनावरांच्या पोटांतील अशा खड्यांस पूर्वीं मोठें मोल असे. त्यांनीं विष उतरतें अशी समजूत होती. जहरमोहरा हें नांव त्यांसहि दिलें जाई. सतराव्या शतकांत गोव्यांतील जेसुइट धर्मबंधूंनीं माती, शिंपल्यांचें चूर्ण, कस्तुरी, राळ इत्यादि पदार्थ घालून तसले कृत्रिम खडे बनविले, व ते 'गोव्याचे खडे' म्हणून युरोपांत प्रसिद्ध झाले. त्यापूर्वींच, इ. स. १५६७ मध्यें, फ्रान्सचा शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे यानें या समजुतीची परीक्षा पाहिली होती. मृत्युदंड झालेल्या एका आचाऱ्यास विष देऊन वर खडा चारला, आणि तो बिचारा कांहीं तासांतच तळमळत मेला. असल्या परीक्षेचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण खड्याचा गुण मात्र उघडा पडला.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. गोळे वारंवार पडतात, याचा अर्थ एक तर मांजर नेहमींपेक्षां अधिक केस गिळत आहे, किंवा गिळलेले केस पुढें सरकत नाहींत. अधिक चाटण्यास बहुधा पिसवा कारण असतात. ओल्या पांढऱ्या कागदावर मांजर विंचरावें. पडलेल्या काळ्या कणांभोंवतीं तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलें रक्त, समजावें. कुत्र्यांसाठीं विकल्या जाणाऱ्या कित्येक पिसूनाशक औषधांत पर्मेथ्रिन असतें. तें मांजरास प्राणघातक आहे, त्याचा थेंबहि लावूं नये. त्वचेची खाज, एखादा दुखरा भाग किंवा घरांतील गडबडीची धास्ती यांनींहि मांजर अधिक चाटतें. केस पुढें न सरकण्याचें कारण मात्र पुष्कळदां आंतड्यांची जुनाट सूज हें असतें. त्यांत वजन घटतें, कधीं ढाळ होतात. याचें निदान पशुवैद्यानेंच करावयाचें.

उपायांत फणीस पहिलें स्थान. जो केस फणींत आला तो पोटांत जात नाहीं. गांवठी मांजरास आठवड्यांतून एकदोनदां व पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरास रोज विंचरावें; हें काम मुलांनीं अंगावर घ्यावें. पाण्याच्या वाट्या दोनतीन ठिकाणीं ठेवाव्या, व खाणें एकदम न देतां थोडें थोडें द्यावें. इसबगोल किंवा दुकानांत मिळणारा माल्टचा लेप पशुवैद्यास विचारून द्यावा. तोंड उघडून पॅराफिन तेल ओतणें हा मात्र फार घातक उपाय होय. त्यास चव नसल्यानें ठसका लागत नाहीं, आणि तें नकळत फुप्फुसांत उतरतें. कांदालसणाचा रस्सा भातांत कालवून घालूं नये. त्यानें रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते.

दुसरी एक फसगत नेहमीं होते. मांजर जमिनीसरशीं बसून, मान पुढें ताणून ढांसतें, पण बाहेर कांहींच पडत नाहीं. घरचीं माणसें 'गोळा अडकला' म्हणून वाट पाहतात. पुष्कळदां तो दमा असतो. तोंड उघडें टाकून श्वास घेऊं लागल्यास क्षणभरहि थांबूं नये. पुन्हां पुन्हां उलट्या होणें, दिवसभर अन्न न शिवणें, पोटास हात लावूं न देणें, शौचास न होणें, हीं चिन्हें दिसलीं तर केसांनीं अगर गिळलेल्या दोऱ्यानें आंतडें अडलें असण्याचा संभव असतो. त्याच दिवशीं मांजर पशुवैद्याकडे न्यावें. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचें, विशेषतः लठ्ठ मांजराचें, यकृतहि बिघडतें.

सावंगीस माणसांसाठीं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, परंतु मांजरास वर्ध्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा लागेल. आणि प्रसंग बिकट असेल तर इ. स. १९५८ मध्यें स्थापन झालेलें नागपूरचें पशुवैद्यक महाविद्यालय सुमारें ७५ किलोमीटरवर आहे. जातांना गोळे पडल्याच्या तारखांचें टिपण, शेवटचा गोळा कागदांत गुंडाळून, व ढांसतांना मोबाईलवर घेतलेली चित्रफीत बरोबर न्यावी. दवाखान्यांत गेल्यावर मांजर बहुधा ढांसत नाहीं.