जीर्ण ग्रीवाशूल आणि गुग्गुळ कल्पांची निवड

मानदुखीचा जुना रुग्ण हल्ली बहुधा क्ष-किरण चित्र हाती घेऊनच येतो. सोबतच्या अहवालात ‘सर्व्हायकल स्पाँडिलोसिस’ असे लिहिलेले असते आणि तेवढ्या नावावर योगराज किंवा महायोगराज गुग्गुळाची योजना होते. काही रुग्ण तर पुन्हा चिकित्सकाकडे न जाता जुनी चिठ्ठी दाखवून औषधालयातून तोच कल्प वर्षानुवर्षे नेत राहतात. व्याधीचे नाव तेच राहिले तरी अवस्था बदलत असते, याचे भान यात सुटते. म्हणून प्रस्तुत लेखात आपण अवस्थेनुसार कल्प कसा निवडावा याचा विचार करणार आहोत. तो चिकित्सकांइतकाच औषधालयचालकांनाही उपयुक्त आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांची झीज, वेदनेची कोणतीही तक्रार नसलेल्या अनेक व्यक्तींच्या चित्रातही दिसते. त्यामुळे चित्र हे निदानाचे एक साधन आहे. औषध मात्र रुग्णपरीक्षणावरूनच ठरवावे.

औषधापूर्वी वगळावयाचे रुग्ण

चालताना तोल जाणे, पायांत ताठरपणा येणे, गुंड्या लावताना किंवा लिहिताना हाताची बोटे अडखळणे, मल-मूत्रप्रवृत्तीवरील ताबा सुटणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णास कल्प, स्नेहन किंवा मर्दन यांत न गुंतवता तातडीने तज्ज्ञांकडे पाठवावे. अपघातानंतरची मानदुखी, ज्वर, अकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग आणि रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना यांबाबतही हीच दक्षता हवी. श्रमाने वाढणारी, डाव्या हातात उतरणारी व छातीत दडपण आणणारी वेदना हृदयाची असू शकते, हे विसरू नये.

शास्त्रविचार

चरकांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ८० नानात्मज वातविकारांत ग्रीवास्तंभ व मन्यास्तंभ यांची स्वतंत्र गणना केली आहे. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात मन्यास्तंभाची कारणे सांगताना दिवास्वाप, बसण्या-उभे राहण्याची विषम पद्धती आणि मान वर करून पाहत राहणे यांचा उल्लेख केला असून, तेथील वात कफाने आवृत असतो असे स्पष्ट म्हटले आहे. संगणकासमोर तासन्‌तास एकाच स्थितीत बसणाऱ्या रुग्णात ‘विषम आसन’ हा हेतू आपणास आजही सहज सापडतो.

उलटपक्षी, वार्धक्य, कृशता, अतिश्रम व रूक्ष आहार यांतून येणारे दुखणे धातुक्षयजन्य असते. अस्थिमज्जागत वाताच्या लक्षणांत चरक अस्थिपर्वांतील भेद, संधिशूल, मांसबलक्षय, निद्रानाश व सततची रुजा सांगतात. म्हणजे एकाच स्थानाच्या दुखण्यात आवरण आणि क्षय असे दोन वेगळे मार्ग संभवतात. पहिल्यात रूक्षण, दुसऱ्यात बृंहण हितकर. म्हणून हा निर्णय चुकला तर उत्तम कल्पही निरुपयोगी ठरतो.

निर्णयासाठी उपशय-अनुपशय विचारावा. होमिओपॅथीचे चिकित्सकही वेदना कशाने वाढते आणि कशाने शमते याची बारकाईने नोंद घेऊन औषध ठरवतात. आपल्या शास्त्रात निदानपंचकातील उपशय हा त्याच कामाचा आहे. घाईच्या व्यवहारात मात्र तो मागे पडतो. तेल लावल्याने बरे वाटते की जडपणा वाढतो? सकाळी उठताना दुखणे अधिक की दिवसभराच्या श्रमानंतर? या दोन प्रश्नांनी पुष्कळ उलगडा होतो.

अवस्थेनुसार योजना

१. कफावृत अवस्था : जडपणा, स्तंभ, सकाळी वाढ, तेलाने अनुपशय, मंद अग्नी. येथे आरंभीच स्नेहन करू नये. सुश्रुतांनी मन्यास्तंभात वातश्लेष्महर नस्य व रूक्ष स्वेद यांवर भर दिला आहे. त्यानुसार वालुका पोटलीने स्वेदन करावे. दीपन-पाचन द्रव्यांनी युक्त योगराज गुग्गुळ या अवस्थेस अनुरूप आहे. आमाची लक्षणे, मलावष्टंभ व अनेक संधींत शोथ असल्यास त्रिफळा, गंधक व एरंडतेल असलेल्या सिंहनाद गुग्गुळाचा विचार करावा. परंतु तेथे आमवाताचे निदान आधी पक्के करावे.

२. धातुक्षय अवस्था : कृश रुग्ण, मान हलवताना कटकट आवाज, श्रमाने वाढ, तेलाने उपशय, निद्राल्पता. त्रयोदशांग गुग्गुळात अश्वगंधा, शतावरी, गुळवेल, गोक्षुर, रास्ना ही द्रव्ये असून घृताचाही योग आहे. म्हणून तो येथे अधिक जवळचा. अस्थिक्षय प्रधान असल्यास लाक्षा, हाडसांधी, अर्जुन, अश्वगंधा व नागबला यांनी युक्त लाक्षादि गुग्गुळ योजावा. अस्थिगत विकारांत चरकांनी सांगितलेले बस्ती व तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृत यांचे स्मरण ठेवावे.

३. हातात उतरणारी वेदना : मानेपासून दंड, कोपर व बोटांपर्यंत मुंग्या वा बधिरता असल्यास विश्वाची व अवबाहुक यांचा विचार करावा. वाग्भटांनी अवबाहुकात नस्य आणि भोजनोत्तर स्नेहपान सांगितले आहे. हाताची ताकद मात्र प्रत्येक भेटीत तपासून लिहावी. ती कमी होत असेल तर प्रतीक्षा करू नये.

तिन्ही अवस्थांत मानेस झटका देणारे मर्दन वर्ज्य समजावे.

महायोगराजाविषयी दक्षता

महायोगराज हा योगराजाचाच ‘अधिक जोरदार’ प्रकार, असा समज सर्वत्र आढळतो. त्यात नाग, वंग, रौप्य, लोह, अभ्रक, मंडूर ही भस्मे व रससिंदूर असतात. नाग म्हणजे शिसे. शिशाचा अतिसंचय झाल्यास उदरशूल, मलावष्टंभ, पांडुता, हातापायांत मुंग्या आणि मनगटाचे दौर्बल्य उत्पन्न होते. यातील बहुतेक लक्षणे वातप्रकोपासारखीच दिसतात. त्यामुळे औषधाने झालेला उपद्रव व्याधीची वृद्धी समजून मात्रा वाढवली जाण्याचा मोठा धोका आहे. दीर्घकाळ हा कल्प घेतलेल्या रुग्णात अशी लक्षणे दिसताच कल्प थांबवून रक्तातील शिशाचे प्रमाण तपासून घ्यावे.

२००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत १४ उत्पादनांत शिसे, पारद किंवा सोमल आढळले. त्या अहवालाने आपल्या औषधांविषयी जगभर शंका निर्माण झाली. तिला उत्तर द्यायचे तर शोधन-मारणाची शुद्धता आणि मर्यादित काळ वापर ही शिस्त आपणच पाळावयास हवी. जेथे वनस्पतिज योगराजाने काम भागते तेथे महायोगराज योजू नये.

खुद्द गुग्गुळाबाबतही सावधता हवी. प्रोप्रॅनोलॉल व डिल्टिआझेम या औषधांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळाने घटल्याचे आढळले आहे. म्हणून रक्तदाब व हृद्रोगाच्या रुग्णांची चालू औषधे आधी विचारावीत. गर्भिणीस गुग्गुळ देऊ नये.

औषधालयचालकांसाठी

‘योगराज’ मागितले असता महायोगराज देऊ नये, तसेच उलटही करू नये. पारदादि द्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावरील ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना ग्राहकास वाचून दाखवावी. तीच चिठ्ठी पुन्हापुन्हा आली तर तिची तारीख पाहून रुग्णास चिकित्सकाकडे परत पाठवावे. स्वतः कल्प बनवणाऱ्यांनी हेही स्मरावे की नवा गुग्गुळ बृंहण व जुना लेखन, असा भेद भावप्रकाशात सांगितला आहे. खरेदीच्या वेळी त्याची नोंद ठेवल्यास कल्पाच्या गुणात सातत्य राहते.

परीक्षण

कल्प सुरू करताना मान किती वळते, वेदना किती, झोप कशी व हाताची ताकद किती, या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पाहाव्यात. बदल नसेल तर मात्रा वाढवण्यापूर्वी अवस्थेचा निर्णय तपासावा. उशी, बसण्याची पद्धत व दिवास्वाप हे हेतू कायम असतील तर कोणताही गुग्गुळ टिकाऊ उपशय देणार नाही. निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा होय.