ईश्वरी आणि कीटमारी : भेद व सावधानता
वर्धा जिल्ह्यात वनौषधी गोळा करताना ईश्वरी (सापसन) व कीटमारी (गंधाटी) यांची गल्लत होते. दोन्ही ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील, चवीला कडू.

ईश्वरी ही कुंपणावर चढणारी वेल. पाने लांबट, फुले पानांच्या बगलेत मंजरीत. कीटमारी काळ्या शेतजमिनीवर पसरते. पाने वृक्काकार, फूल एकेकटे. फुलाच्या देठाशी असलेले गोलसर पुष्पपत्र ही तिची निर्णायक खूण होय.

तथापि भेद कळला म्हणून एकही निर्धोक ठरत नाही. दोहोंतील ॲरिस्टोलोकिक आम्ल वृक्कघातक व कर्करोगजनक आहे. ब्रुसेल्समध्ये एका चिनी औषधीऐवजी याच प्रजातीची वनस्पती दिली गेल्याने अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाल्याचे १९९३ मध्ये उघड झाले. म्हणून आम्ही दोहोंचा आभ्यंतर प्रयोग वर्ज्य मानतो.