शिकारी-अन्नसंकलक आणि आद्य शेतकरी : बागोरचा पुरावा

शेतीचा उदय अभ्यासताना एक गैरसमज होण्याचा संभव असतो. शेती आली आणि शिकार व अन्नसंकलन करणारे समाज लोप पावले, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः हे दोन्ही समाज दीर्घकाळ एकमेकांच्या शेजारी नांदत होते. राजस्थानातील भिलवाडा जिल्ह्यात कोठारी नदीकाठी वसलेले बागोर हे त्याचे बोलके उदाहरण होय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वि. ना. मिश्र यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९६८ ते १९७० या काळात उत्खनन झाले.

बागोरच्या पहिल्या कालखंडात प्रामुख्याने सूक्ष्मास्त्रे, म्हणजे दगडाची अतिशय लहान हत्यारे, आढळतात. इ.स.पू. सुमारे २८०० पासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या कालखंडात सूक्ष्मास्त्रांच्या जोडीला मातीची भांडी आणि तांब्याच्या वस्तू येतात. त्यांतील बाणाग्रे सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरील बाणाग्रांशी मिळतीजुळती आहेत. याच बनास खोऱ्यातील आहाड येथील शेतकरी तांबे गाळत असत, हे तेथे सापडलेल्या धातुमळीवरून कळते. त्यामुळे बागोरकरांना तांबे देवघेवीतून मिळाले असावे, असे अनुमान निघते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, बागोरकरांनी मोबदल्यात काय दिले? मध, मेण, डिंक, कातडी यांसारख्या वनोपजांचा विचार करता येतो. पण हे पदार्थ मातीत टिकत नाहीत. तांबे टिकते, मध टिकत नाही. म्हणून उत्खननात वनवासी समाज केवळ ‘घेणारा’ दिसतो. हा दोष त्या समाजाचा नसून पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. दुसरी, वस्तू संपर्क सिद्ध करते, संबंधाचे स्वरूप नव्हे. तेच बाणाग्र विनिमयातून, भेट म्हणून, सोयरिकीतून किंवा श्रमाचा मोबदला म्हणूनही येऊ शकते. यासाठी वस्तू कोठे व कशासोबत सापडली, हे पाहावे लागते. बागोर येथे तांब्याच्या वस्तू दफनात मृतासोबत ठेवलेल्या आढळल्या. अर्थात, परक्या कारागिराच्या वस्तूला या समाजाने स्वतःच्या अंत्यविधीत मानाचे स्थान दिले होते.

सारांश, शिकारी-अन्नसंकलक हे शेतकऱ्यांचे मागे राहिलेले पूर्वज नव्हते; ते त्यांचे समकालीन शेजारी होते.

विचार करा : केवळ टिकाऊ वस्तूंच्या आधारे दोन समाजांतील देवघेवीचे चित्र रेखाटल्यास कोणाचा वाटा झाकला जातो? बागोरच्या आधारे उत्तर लिहा.