एक आपत्ती, अनेक बिनतारी यंत्रे

निपाणीहून कागलकडे जाताना यमगर्णीजवळ वेदगंगेचा पूल लागतो. उन्हाळ्यात या पुलावरून खाली पाहिले तर एवढीशी नदी राजरस्ता अडवील असे कोणासही वाटणार नाही. परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये तिने पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस अडवून धरला. पलीकडे शिरोलीजवळ पंचगंगेनेही तेच केले. अशा प्रसंगी पाण्याच्या काठी पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, रुग्णवाहिका, महसूल खात्याचे अधिकारी, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि सैन्य अशी अनेक मंडळी एकाच कामासाठी एकत्र येतात. त्यांपैकी बहुतेकांजवळ बिनतारी यंत्रे असतात. मात्र शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन दलांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकतीलच असे नाही. विद्यार्थी मित्रहो, ही गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. तिची कारणे व तिच्यावरील उपाय आपण पाहू.

बिनतारी यंत्र आपला आवाज विद्युच्चुंबकीय लहरींवर आरूढ करून पाठविते. या लहरी सेकंदास किती वेळा कंप पावतात, तीस वारंवारता म्हणतात. रेडिओवर एक केंद्र लावले असता दुसरे ऐकू येत नाही, त्याचप्रमाणे एका वारंवारतेवरील यंत्रास दुसऱ्या वारंवारतेवरील शब्द ऐकू येत नाही. आपल्या देशात या वारंवारता केंद्र सरकार वाटून देते, आणि खाती तर निरनिराळी! राज्यघटनेने पोलीस हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. कर्नाटकात अग्निशामक दल हे राज्य सरकारचे खाते आहे, तर सीमेपलीकडे कोल्हापूरचे अग्निशामक दल महानगरपालिकेचे. रेल्वे व वनखाते यांची व्यवस्था आणखी वेगळी. यात कोणाचा दोष आहे असे नव्हे. चोराचा पाठलाग चालू असताना कानावर पाण्याच्या बंबाचे संदेश पडू लागले, तर कोणाचेच काम नीट होणार नाही.

मग भ्रमणध्वनी का वापरू नये, असे कोणी विचारील. भ्रमणध्वनी मुख्यतः एकास एक बोलण्यासाठी आहे. बिनतारी यंत्राची कळ दाबताच एकाचा शब्द एका क्षणात पन्नासांच्या कानी पडतो. शिवाय संकटकाळी सारा गाव एकदम दूरध्वनी करू लागतो आणि मार्ग तुंबतात. वीज फार वेळ गेली तर मनोरेही मुके होतात.

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून पृथ्वीची गोलाईच त्यांच्या आड येते. सपाट प्रदेशात त्यांची पोच काढण्याचे सोपे सूत्र असे: उंचीचे मीटर घ्या, त्यांचे वर्गमूळ काढा व त्यास ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरांत येते. माणसाच्या हातातील यंत्र दीड मीटर उंचीवर धरले, तर त्याचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटरांवर असते. शंभर मीटर उंच मनोऱ्याचे क्षितिज ४१ किलोमीटरांवर जाते. म्हणूनच टेकडीवर किंवा मनोऱ्यावर शब्द झेलून पुन्हा फेकणारे यंत्र बसवितात. असे मनोरे प्रत्येक खात्याने स्वतंत्रपणे उभारावयाचे म्हटले, तर खर्च किती होईल?

येथून सामाईक व्यवस्थेची कल्पना निघाली. तिचे मर्म रेल्वे स्थानकावरील तिकीट-खिडक्यांत दिसते. पाच खिडक्यांपुढे पाच रांगा असल्या, तर एका रांगेत वीस माणसे तिष्ठत असतात आणि शेजारच्या खिडकीतील कारकून रिकामा बसलेला असतो. रांग एकच केली व जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पुढचा माणूस गेला, तर सर्वांचेच काम लवकर होते. डेन्मार्कमधील गणिती एर्लांग यांनी दूरध्वनीच्या गर्दीचे सूत्र १९१७ साली प्रसिद्ध केले, ते येथेही उपयोगी पडते. समजा, पाच खात्यांना प्रत्येकी दोन मार्ग, म्हणजे चॅनेल, दिले आहेत व प्रत्येक खात्याचे बोलणे सरासरीने एक मार्ग भरेल इतके आहे. दोन्ही मार्ग गुंतलेले सापडण्याची शक्यता अर्ध्यास अडीचने भागून मिळते. ती एक पंचमांश. म्हणजे शंभर हाकांपैकी वीस परत फिरतात. आता तेच दहा मार्ग पाचही खात्यांनी एकत्र वापरले, तर परत फिरणाऱ्या हाका शंभरांत दोनांहून कमी होतात! मनोरा वाढविला नाही, मार्ग वाढविला नाही. केवळ वाटणीची भिंत काढली. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

मार्ग एक झाले म्हणजे सर्वांची बोलणी एकमेकांत मिसळतील, ही भीती मात्र बाळगू नये. कळ दाबताच मध्यवर्ती संगणक मोकळा मार्ग शोधून देतो आणि त्या गटाचीच यंत्रे त्यावर नेतो. पोलिसांचा गट वेगळा, बंबवाल्यांचा वेगळा, आणि पुराच्या दिवसांपुरता दोघांचा मिळून तिसरा, अशी सोय करता येते. प्राणसंकटाची कळ दाबणाऱ्यास सर्वांच्या आधी मार्ग मिळतो. युरोपात १९९५ च्या सुमारास ठरलेली 'टेट्रा' ही पद्धती अशाच प्रकारची आहे. तीत मनोरा बंद पडल्यास जवळची यंत्रे परस्परांशी थेट बोलू शकतात. ही सोय क्षुल्लक समजू नये, कारण मध्यवर्ती केंद्रच बुडाले तर सारी खाती एकदम बहिरी होण्याचा धोका सामाईक व्यवस्थेत असतोच.

हा प्रश्न नवीन नाही. बिनतारीच्या आरंभकाळी मार्कोनींच्या कंपनीचे तारायंत्री दुसऱ्या कंपनीची यंत्रे असलेल्या जहाजांचे संदेश घेण्याचे नाकारीत. अखेर १९०६ साली बर्लिन येथे राष्ट्रांनी करार केला की, यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्यावरील केंद्राने व जहाजाने एकमेकांचा संदेश घेतलाच पाहिजे. पुढे ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये मनोरा कोसळण्याचा इशारा पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून पोलिसांच्या बिनतारीवर दिला गेला. अग्निशामक दलाची यंत्रे निराळ्या वारंवारतेवर असल्यामुळे तो त्यांना थेट ऐकू आला नाही. त्या दिवशी त्या दलाचे ३४३ जवान मृत्यू पावले. याचे हेच एक कारण होते असे नाही. पण त्यानंतर सामाईक संदेशव्यवस्थेकडे जगाचे लक्ष अधिक गेले, हे खरे.

आपल्या भागात तर नद्याच सामाईक आहेत. वेदगंगा भुदरगड तालुक्यातून येते. हिरण्यकेशी आंबोलीस उगम पावून आजरा, गडहिंग्लजवरून संकेश्वरकडे उतरते. पाऊस एका राज्यात पडतो, पाणी दुसऱ्या राज्यात चढते, आणि आलमट्टीच्या दारांकडे दोन्ही राज्यांचे डोळे लागलेले असतात. तेव्हा सामाईक गट करावयाचा तर तो सीमेच्या दोन्ही अंगांस पोचणारा हवा, आणि पावसाळ्यापूर्वीच ठरलेला हवा. पूर आल्यावर परवानगीची कागदपत्रे कोण हिंडवीत बसणार?

त्यातही एक अडचण यंत्राबाहेरची आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट सांगतात. आलमट्टी धरणाची पूर्ण पातळी मात्र ५१९.६० मीटर, तीही समुद्रसपाटीपासून. एक आकडा फुटांत, दुसरा मीटरांत. बोलणारा मराठी, ऐकणारा कदाचित कन्नड. 'पाणी दोनने वाढले' एवढाच संदेश आला, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? म्हणून स्थळ, वेळ, आकडा आणि परिमाण या चारही गोष्टी बोलाव्यात व ऐकणाऱ्याने त्या परत म्हणून दाखवाव्यात. 'यमगर्णी पूल, सकाळचे सहा, पाणी एका तासात दोन फूट वाढले' हे वाक्य म्हणावयास पाच-सहा सेकंद लागतात. परत म्हणण्यास तितकेच.