रिमॅपनंतर क्लच प्लेट कोणती घ्याल?

टर्बो पेट्रोल गाडी रिमॅप केली की बहुतेकदा आधी क्लच कुरकुरतो. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएम चढतो, वेग मात्र तेवढा वाढत नाही. पोलो १.० टीएसआय मॅन्युअलचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. रिमॅपनंतर तो दोनशेच्या पुढे जातो आणि मित्रमंडळींतून सल्ला येतो: ‘सिरॅमिक टाकून घे.’ सोलापुरात रोज चालणाऱ्या गाडीला हा सल्ला बहुधा महागात पडतो.

आधी हे तपासा

क्रँकचे मागचे ऑइल सील गळत असेल, तर कोणतीही प्लेट घसरणारच. केबल किंवा हायड्रॉलिकमुळे क्लच पूर्ण पकडत नसेल, तरी लक्षण तेच दिसते. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी पाहायला सांगा.

लायनिंगचे प्रकार

*ऑरगॅनिक:* काचतंतू, रेझिन आणि तांब्या-पितळेची तार यांचे लायनिंग. कंपनीच्या गाडीत हेच असते. हाफ क्लच मऊ लागतो. सारखे घसरवले तर जळते, पण वासाने आधी सावध करते.

*केव्हलर:* टिकाऊ आणि चालवायला बऱ्यापैकी मऊ. मात्र पहिले ८०० ते १,००० किलोमीटर शहरातच, जोर न लावता चालवावी लागते. एकदा अति तापून चकाकी धरली की पकड पूर्वीसारखी परत येत नाही.

*सिरॅमिक किंवा सिरामेटॅलिक:* बाजारात ‘बटणवाली’. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ती शोभते, कारण तिथे भार प्रचंड आणि उष्णता जास्त. कारमध्ये ती एकदम पकडते. सात रस्त्याच्या सिग्नलला किंवा गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत इंचाइंचाने सरकताना गाडी झटके खाते. फ्लायव्हीलही लवकर झिजते.

*सिंटर्ड आयर्न:* फक्त रेसिंगसाठी. रस्त्यावरच्या गाडीत नको.

पकड येते कुठून?

लायनिंगचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या, यांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. समजा, मूळ क्लच २३० न्यूटन-मीटर पेलतो. लायनिंग तेच ठेवून २० टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट बसवली, तर क्षमता २७६ होते. पेडल थोडे जड होते, झटके मात्र येत नाहीत. स्टेज १ रिमॅपला बहुतेक वेळा एवढे पुरते. म्हणून पैसे आधी प्रेशर प्लेटवर घाला.

खर्चाचा ठोकळ अंदाज

- कंपनी दर्जाचा ऑरगॅनिक सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग): लहान हॅचबॅकला ५ ते ९ हजार, पोलोच्या वर्गातल्या गाडीला १२ ते २० हजार रुपये
- हेवी ड्यूटी ऑरगॅनिक किंवा केव्हलर किट: २५ ते ५० हजार
- आयात केलेले सिरॅमिक किट: ४० ते ८० हजार
- फ्लायव्हील लेथवर घासून सपाट करणे: ५०० ते १,५०० रुपये
- ड्युअल-मास फ्लायव्हील बदलणे: ३० ते ६० हजार
- मजुरी: ३ ते ८ हजार

ड्युअल-मास फ्लायव्हील सरसकट लेथवर लावू नका. आधी त्याचा प्ले मोजून घ्या. किटमध्ये सिंगल-मास फ्लायव्हील असेल, तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खडखडाट वाढू शकतो. रिलीज बेअरिंगवर पैसे वाचवू नका. ते खराब झाले की पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची पूर्ण मजुरी लागते. २२ सप्टेंबर २०२५पासून वाहनाच्या सुट्या भागांवर २८ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून जुन्या दराने केलेले कोटेशन मान्य करू नका.

कोणी काय घ्यावे?

ऑफिस, बाजार, महिन्यातून एखादी पुणे-हैदराबाद फेरी आणि कधीमधी तुळजापूरचा घाट, एवढेच असेल तर ऑरगॅनिक लायनिंग आणि जास्त दाबाची प्रेशर प्लेट घ्या. टॉर्क बराच वाढवला असेल आणि रनिंग-इनचा संयम असेल, तर केव्हलर. कोइमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी पळवायची असेल, तरच सिरॅमिक. तेही स्प्रिंग असलेल्या हबचे घ्या, झटके थोडे कमी बसतात.

बिल घेताना

बिलावर ब्रँड, पार्ट नंबर आणि लायनिंगचा प्रकार लिहून घ्या. जुनी प्लेट परत मागा. लायनिंग झिजले आहे, जळले आहे की तेलाने भिजले आहे, हे तिच्यावरून कळते. गाडी वॉरंटीत असेल तर रिमॅपआधीच अटी वाचा, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा. बनावट किंवा सदोष माल मिळाला आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.