टगबोट : छोटी बोट, मोठं काम

लकडगंजच्या आरामशीनींवरून एक चक्कर मारली की ठिणगीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच नागपुरात आहे. आणि १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. ही तारीख आली मुंबईच्या गोदीतून.

मुंबई, १४ एप्रिल १९४४

व्हिक्टोरिया डॉकमधल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, सोबत कापसाच्या गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. जहाज जागीच बुडवायचं की टगने ओढून बाहेर काढायचं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. त्यातून हा डॉक दरवाजाचा. दार भरतीच्या सुमारासच उघडायचं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

टग ओढते कशी?

१) वेग कमी, ओढ जास्त. त्यासाठी मोठा प्रोपेलर लागतो. डिझेल-इलेक्ट्रिक टगमध्ये इंजिन जनरेटर फिरवते आणि जनरेटरच्या विजेवर मोटर चालते. त्यामुळे कमी वेगातही भरपूर टॉर्क मिळतो. रेल्वेच्या डिझेल इंजिनात हीच मांडणी असते.

२) दोराचा हुक अगदी मागे नसतो, मध्याच्या जवळ असतो. मागे असता तर टगला वळताच आलं नसतं. पण दोर आडवा ताणला गेला, तर टग उलटूही शकते. म्हणून हुक झटकन सोडता आला पाहिजे.

३) आग विझवायला पंप आणि पाण्याच्या तोफा.

'होगा'ची नोकरी

अमेरिकन नौदलाची 'होगा' ही अशीच डिझेल-इलेक्ट्रिक टग. लांबी फक्त १०० फूट. १९४१च्या मे महिन्यात ती कामावर रुजू झाली. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. जळती युद्धनौका 'नेवाडा' बंदराच्या वाटेजवळ रुतली होती. वाट अडू नये म्हणून 'होगा'ने दुसऱ्या टगच्या मदतीने तिला पलीकडच्या काठाला नेलं आणि तिच्यावरच्या आगीवर पाणीही मारलं. मग 'ॲरिझोना'ची आग. सुमारे ७२ तास ही बोट थांबली नाही. १९४८पासून ती ओकलंड शहराची अग्निशमन बोट झाली, पुढे चार दशकांहून जास्त काळ राबली. २०१५मध्ये ती आर्कान्सामधल्या संग्रहालयात पोचली.

आपण काय शिकायचं?

दोन्ही बंदरांची परिस्थिती वेगळी होती, सरळ तुलना करणं बरोबर नाही. तरी एक गोष्ट खरी, की मुंबईत हातात दोन तास होते आणि ते ठरवण्यातच गेले. कोणी काय करायचं हे आग लागण्याआधीच ठरलेलं असावं.

आता आपल्या होस्टेलचं बघा. जिन्यातला अग्निशामक सिलिंडर आपल्यापैकी कितीजणांना चालवता येतो? मेन स्विच बंद कोण करणार? आज मेसमध्ये जेवताना एवढं तरी ठरवून टाका!