हसवणारा लिहितो कसा?

कुंभिवलीत सांजच्याला भाकऱ्या झाल्या की घरोघरी टीव्ही लागतो. पडद्यावरचा नट काहीतरी बोलतो आणि घरातली म्हातारीसुद्धा पदर तोंडाला लावून हसते. नट बोलला खरा. पण ते बोलणं त्याला दिलं कोणी? ते आधी कुणीतरी कागदावर लिहिलेलं असतं. आज अशाच एका लिहिणाऱ्याची माहिती वाचू या.

त्यांचे नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. लोक त्यांना पु. ल. म्हणत. जन्म मुंबईचा, 8 नोव्हेंबर 1919 चा. त्यांनी कारकुनी केली, शाळेत शिकवले, नाटकं केली. 1953 साली 'गुळाचा गणपती' नावाचा सिनेमा काढला. त्याची कथा त्यांची, गाण्यांना चाली त्यांच्या आणि मुख्य कामही त्यांचेच!

पुढे ते आकाशवाणीत, म्हणजे रेडिओत, नोकरीस लागले. तेव्हा आपल्या देशात टीव्ही नव्हताच. ते काम शिकायला पु. ल. विलायतेला जाऊन आले. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत टीव्ही सुरू झाला. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम असे. पु. ल. तिथे निर्माते होते. निर्माता म्हणजे काय? कार्यक्रम कोणता, त्यात कोण बोलणार, किती वेळ बोलणार, हे सारे ठरवणारा माणूस. चूक झाली तर बोल त्यालाच. लग्नघरातल्या कारभाऱ्यासारखेच म्हणा ना!

नोकरी सरकारी, पगार बांधलेला. अशी नोकरी कोण सोडील? पु.लं.नी सोडली. घरी पत्नी सुनीताबाई होत्या, त्यांनी साथ दिली. मग 1961 साली 'बटाट्याची चाळ' रंगभूमीवर आली. रंगमंचावर माणूस एकटाच! तोच चाळीतला म्हातारा, तोच भांडणारा शेजारी, तोच गवई. आपल्या बाजूची कितीतरी माणसं गिरणीत कामाला गेली, चाळीच्या खोलीत दाटीवाटीनं राहिली. त्यांना हे नवं नव्हतं. आपलंच बोलणं ऐकून ती पोट धरून हसली. पु. ल. माणसाला हसत, पण त्याला हिणवत नसत. हे सोपं नाही. तमाशातला सोंगाड्या पाहिला असेल त्याला ते उमगेल.

मुंबईचे टीव्ही केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले. त्यावर चिमणराव आणि गुंड्याभाऊंनी लोकांना हसवले. ती माणसंही आधी पुस्तकातच होती, चि. वि. जोशींच्या.

1975 साली देशात आणीबाणी आली. काय छापावे यावर सरकारचा पहारा बसला. 1977 च्या निवडणुकीत हा हसवणारा माणूस सभांतून तिच्याविरुद्ध बोलला. निवडणूक झाली, सरकार बदलले. पु. ल. खुर्ची मागायला गेले नाहीत, परत लिहायला बसले.

नाटकांतून, पुस्तकांतून पैसा आला, त्यातला पुष्कळसा त्यांनी वाटून टाकला. 1986 साली पुण्यात दारू-गर्द सोडवणारे 'मुक्तांगण' निघाले, त्यालाही त्यांनी पैसे दिले.

12 जून 2000 रोजी पुण्यात पु. ल. वारले. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला बरोबर 54 वर्षं झाली होती.